फडातला हिशेब

शाळेत न येणाऱ्या मुलांचा जो तक्ता वर पाठवावा लागतो, त्यात शेवटचा रकाना कारणाचा असतो. मी शिक्षक होतो तेव्हा आणि पुढे केंद्रप्रमुख झालो तेव्हाही, आमच्याकडच्या तक्त्यांत त्या रकान्यात सर्रास एकच मजकूर असायचा : 'पालकांची उदासीनता'. पहिल्या मुलापुढे तो लिहायचा आणि खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. दिवाळीच्या आगेमागे निम्मी शाळा रिकामी व्हायची, म्हणजे आमच्या कागदांनुसार गावातले निम्मे आईबाप एकाच आठवड्यात उदासीन व्हायचे. गुढीपाडव्याच्या सुमारास ती उदासीनता तितक्याच एकदम ओसरायची.

हा भाग बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याचा. हलकी रानं, एका पावसावरचं पीक, आणि दसरा झाला की उसाच्या फडाकडे निघालेल्या गाड्या. पश्चिम महाराष्ट्रातले आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले साखर कारखाने आमच्या आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या लाखो माणसांच्या हातावर चालतात. घरात राहतात ती म्हातारी माणसं. लेकरं आईबापांबरोबर जातात, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात आणि परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागलेलं असतं.

अर्थशास्त्रात मी एम.ए. केलं ते नोकरीत असताना, बाहेरून, मुख्यतः वेतनश्रेणीकडे डोळा ठेवून. सीमांत उपयोगिता आणि मागणीची लवचिकता यांचा चौथीच्या वर्गाशी काही संबंध असेल असं तेव्हा मनातही नव्हतं. संबंध आहे हे एका बाईनं दाखवलं, आणि तिची शाळा दुसरीतच सुटली होती.

पोळ्याच्या सुमाराला मी तिच्या घरी गेलो होतो. तिची थोरली सहावीत होती, गणितात हुशार. यंदा पोरीला नेऊ नका, शाळेत हंगामी वसतिगृह निघणार आहे, जेवणाची सोय होईल, असं नेहमीचं मी बोललो. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुर्जी, तिला ठिवून जाईन हो. पन तिच्या कडंवरचं कुनाच्या कडंवर दिऊ?" धाकटा दीड वर्षाचा होता. "ते फडात माझ्याजवळ असलं की घटकाभराला उठावं लागतं. उसाच्या पाल्यात साप-किरडू असतंय, गाड्या फिरत्यात. रोजचा अर्धा टन तरी मागं पडतो माझा. मुकादम लेकराकडं बघून फेड सोडतो व्हय?"

हे वाक्य मी नंतर कितीतरी प्रशिक्षणांत सांगितलं. कारण ऊसतोडीतली मजुरी दिवसावर नाही, टनावर असते. आणि मोजणी माणसाची नाही, जोडीची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही कोयत्याला. धडधाकट जोडी, ऊस बरा असेल तर, दिवसाला दोनेक टन तोडते. अकरा-बारा वर्षांची मुलगी स्वतः कोयता चालवत नाही. फार तर वाढ्याच्या पेंढ्या बांधते, पाणी आणते, भाकरी थापते. तिची कमाई कुणी विचारली तर घरचे खरंच सांगतील, की काही नाही. पण ती कोपीपाशी बसून धाकट्याला सांभाळते म्हणून तिच्या आईचा कोयता पुरा भरतो. मुलगी शाळेत बसली तर घराचं नुकसान होतं ते आईच्या मजुरीत.

२०२० च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला २७३ रुपये झाला होता. अर्ध्या टनाचे झाले साधारण १३६ रुपये. पाच महिन्यांचे दीडशे दिवस धरले तर वीस हजार रुपयांच्या वर. म्हणजे त्या सहावीतल्या मुलीनं गावात राहून अपूर्णांक शिकायचे, तर त्या घरानं वीस हजार रुपये सोडायचे. फुकट शिक्षण म्हणतात ते हे.

याच्यासमोर आम्ही काय ठेवत होतो तेही सांगितलं पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांमधल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी, पहिली ते चौथीपर्यंत, राज्य सरकारनं १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत आल्याचा रोज एक रुपया, वर्षाला फार तर २२० रुपये. त्या वर्षी या रुपयाला काहीएक वजन होतं. पुढे तीन दशकं सरकारं बदलली, भाकरी महागली, तोडणीचे दर संप करकरून वाढले, आणि हा रुपया मात्र रुपयाच राहिला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. १९१७ चा तो महिन्याचा रुपया आमच्या रोजच्या रुपयापेक्षा घरात नक्कीच जास्त जाणवला असणार. प्रलोभन असो की दंड, लोक त्याची तुलना स्वतःच्या दुसऱ्या पर्यायाशी करतात, एवढी साधी गोष्ट. पण योजनेच्या परिपत्रकात तो दुसरा पर्याय कुठेच नसतो.

गणवेशाचंही तसंच. २०१७-१८ मध्ये ठरलं की कापड वाटायचं नाही, दोन गणवेशांचे ४०० रुपये थेट आई आणि मुलाच्या संयुक्त खात्यात जमा करायचे. वाटपातली गळती थांबवायला ही युक्ती कागदावर उत्तम. पण खातं उघडायला तालुक्याला जायचं, म्हणजे दोघांचं भाडं, आईचा बुडालेला रोज, फोटो, झेरॉक्स, आणि 'उद्या या' झालं तर पुन्हा तेच. कित्येक आया मला म्हणाल्या, "राहू द्या गुर्जी, जुन्यावर भागवू." मदत घेण्यासाठी जो खर्च आणि हेलपाटा पडतो तो मदतीतून वजा करून पाहायची सवय अर्थशास्त्र लावतं. ती लागली की बऱ्याच योजनांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

त्या बाईच्या बोलण्यानंतर मी हंगामी वसतिगृहाकडेही तसंच पाहायला लागलो. ही योजना चांगली आहे, हे आधीच सांगतो. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांनी गावातच राहायचं, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपायचं, आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेत घ्यायचं. पण ती मोजते सहा ते चौदा वयाची मुलं. दीड वर्षाचं पोर तिच्या हिशेबात नाही, आणि मुलीची शाळा नेमकी त्या दीड वर्षाच्या पोरापाशी अडते. आजी आहे, पण आजीनं खायचं काय? सून-मुलगा जाताना ज्वारीचं एखादं पोतं ठेवून जातात, ते तिला एकटीलाच पुरत नाही. तान्हं बाळ तिच्याकडे ठेवायचं तर दूध आणि वरचं काही लागतं.

दुसरी अडचण वेळेची. माणूस फडाला जाणार की नाही, हे दसऱ्याला ठरत नाही. ते ठरतं उन्हाळ्यात, लग्न निघालं, दवाखाना निघाला, बी-भरणाला पैसे नाहीत म्हणून मुकादमाकडून उचल घेतली तेव्हा. कोण-कोण जाणार, कोणतं लेकरू न्यायचं, कोणतं ठेवायचं, याची जुळवाजुळव पोळ्यापर्यंत झालेली असते. आमच्या वसतिगृहाची मंजुरी येणार गाड्या गेल्यानंतर. एका वर्षी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा गावात ज्या मुलांसाठी ते होतं त्यांच्यातली मोजकी उरली होती. मग संख्या भरायला जी मुलं मुळात जाणारच नव्हती त्यांची नावं लिहिली गेली, आणि योजना यशस्वी झाल्याचा अहवाल गेला. हे फक्त आमच्याकडेच घडलं असं मला वाटत नाही.

लोकांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा? मागच्या साली 'वसतिगृह निघेल' म्हणालो आणि ते डिसेंबरात निघालं. यंदाही तसंच झालं तर ठेवलेल्या पोरीला कोण जेवू घालणार? ज्या आईनं एकदा फसून पाहिलं ती पुन्हा आशेवर मुलगी ठेवणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. म्हणून दोन-तीन गावांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांशी बोलून आम्ही ठरवलं की मंजुरीची वाट न पाहता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची. किराणा उधारीवर. दुकानदार आमच्यापेक्षा पक्का अर्थशास्त्री निघाला. त्यानं मंजुरीच्या पत्राऐवजी समितीच्या अध्यक्षाच्या मळ्यातल्या तुरीवर उधारी दिली. आणि पोळ्यालाच घरोघर जाऊन यादी करायची ठरवली. उचल घेतली का, बरोबर जाणारं सगळ्यांत लहान लेकरू किती वर्षांचं, आणि मागं राहणारं म्हातारं माणूस चालतं-फिरतं आहे का, एवढंच विचारायचं. मुलाला शिकायची आवड आहे का, हे विचारणं आम्ही बंद केलं. त्याचं उत्तर सगळेच 'हो' देतात आणि त्यावरून काहीच कळत नाही.

तान्ह्या बाळाच्या घरातल्या आजीला शाळेत ताट द्यायचं, हेही ठरवलं. नियमात हे बसत नव्हतं. गावातल्या नोकरदारांकडून वर्गणी काढली, धान्य मागितलं. आजी दुपारी नातवाला घेऊन यायची, ओट्यावर बसायची, जेवायची, संध्याकाळची भाकरी बांधून न्यायची. एका वेळच्या वरण-भातावर थांबणाऱ्या मुलींची संख्या जितकी हलली तितकी प्रभातफेऱ्यांनी आणि 'मुलगी शिकली'च्या घोषणांनी आमच्याकडे कधी हलली नव्हती. सगळ्याच थांबल्या नाहीत. ज्या घरात म्हातारं माणूसच नव्हतं तिथे आमच्याकडे काही उपाय नव्हता. बाहेरच्या माणसाकडे पोर ठेवून जा म्हणायची माझी छातीही नव्हती.

मुकादमाशी बोलावं हेही मला उशिरा सुचलं. मास्तर लोक मुकादमाला टाळतात. त्याचं नाव शोषणाच्या धड्यात येतं. पण त्याला मिळणारं कमिशन टनावर असतं. मी एका मुकादमाला म्हणालो, तान्हं आणि थोरली दोघं घरी राहिली तर बाईचा माल वाढेल, टोळीचा माल वाढेल. तो हसला. पुढच्या आठवड्यात त्यानंच दोन घरांत सांगितलं, "पोरं ठिवा म्हातारीपाशी, शाळेत जेवायची सोय हाय." माझ्या दहा फेऱ्यांपेक्षा त्याचा एक निरोप चालला, कारण घराचे पैसे त्याच्याकडे अडकलेले. याचं मला पुरतं समाधान वाटलं नाही. पोरीची शाळा टिकावी म्हणून तिच्या आईनं जास्त ऊस तोडावा, या सौद्यात मी मध्यस्थ झालो होतो. पण मुलगी वर्गात होती.

घराचा हिशेब असतो तसा शाळेचाही असतो, आणि तो घरापेक्षा जास्त लपवलेला असतो. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ वं मूल आलं की तिसरा. ज्या शाळेचा पट ६२ आहे तिथल्या तिसऱ्या शिक्षकाची नोकरी दोन मुलांच्या नावावर उभी असते. ती दोन नावं गेली की शिक्षक 'अतिरिक्त', समायोजनात कुठे फेकला जाईल सांगता येत नाही. आता पाहा, मोजणीची तारीख ३० सप्टेंबर. गाड्या निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मूल सप्टेंबरअखेर पटावर असलं की त्या वर्षीचं व्यवस्थेतलं त्याचं काम संपलं. पुढचे पाच महिने ते वर्गात आहे की उसाच्या पाल्यात, यानं कुणाच्या पगारात, पदात, बदलीत काही फरक पडत नाही.

२०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मतदानासारखी मुलांच्या बोटाला शाई लावली होती. राज्यात सुमारे वीस लाख मुलं फक्त कागदावर असल्याचं निघालं आणि मोठा गहजब झाला. अनुदान डोक्यावर मिळत असेल तर डोकी वाढतात, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. मला दिसलं ते थोडं वेगळं. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता. पडताळणीच्या दिवशी आमची मुलं गावातच होती, बोटाला शाई लावून घेऊन खूश होती. कधीच नसलेली मुलं त्या मोहिमेत सापडली. महिन्याभरात निघून जाणाऱ्या मुलांना मात्र ती मोहीम 'हजर' म्हणून मोजून गेली. हीच पडताळणी जानेवारीत केली असती तर बालाघाटाचा वेगळा आकडा आला असता, आणि तो खोट्या नावांचा नसता.

पुढे शिक्षण हमी पत्रक आलं. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं, त्यांनी बसवून घ्यायचं, नाव मूळ शाळेत राहायचं. कल्पना चांगलीच. पण फडाजवळच्या शाळेला त्या मुलाच्या येण्यानं काय मिळतं? त्याचं नाव त्यांच्या पटावर नाही, म्हणून शिक्षक वाढत नाही. वर्गात मात्र मध्येच आलेली, मागे पडलेली, कधी दहा दिवसांत दुसऱ्या फडावर जाणारी मुलं वाढतात. आणि मूळ शाळेला ते मूल तिथे खरंच बसतं का हे पाहण्याची गरज नाही, कारण तिचा पट शाबूत आहे. दोन्हीकडचे शिक्षक भले असूनही मूल मधल्यामध्ये राहतं. मी अशा शाळांत गेलो आहे. तिथले गुरुजी चहा पाजतात, अडचणी सांगतात, आणि त्या खऱ्या असतात. मुलामागे पैसा आणि शिक्षक चालत गेले तरच त्या पत्रकाला अर्थ येईल.

या सगळ्या विषयाशी मराठी अर्थशास्त्राचं नातं जुनं आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचा सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावरचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत घातलेली मुलं एकाच इयत्तेत किती अडकतात, किती मधूनच सुटतात, आणि शिकून गेलेली पुन्हा निरक्षर होतात का, हे त्यांनी गावोगाव जाऊन तपासलं. म्हणजे प्रवेशाच्या आकड्यावर समाधान मानू नका, पुढे काय झालं ते मोजा, हे आपल्याकडे तेव्हाच सांगून झालं होतं. आणि हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं होते, त्याचे पहिले अध्यक्ष होते. गळतीचा अभ्यास आणि सहकारी साखरेचा पाया, दोन्हींमागे एकच माणूस. त्या सहकारानं ऊस पिकवणाऱ्याला सभासद केलं, ऊस तोडणाऱ्याला नाही. ऊसवाल्या गावांत कारखान्यांनी शाळा-कॉलेजं काढली, ती चांगली चालली. आमच्या गावांच्या वाट्याला त्या साखरेतून आली ती उचल. हे मी रागानं म्हणत नाही. साखरेचा उत्पादनखर्च मांडताना कोणती ओळ राहून गेली एवढंच दाखवतो.

पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं लागू पडतं असंही नाही. शिक्षणाचा फायदा पालकांना कमी वाटतो, त्यांना खरे आकडे सांगितले तर मुलं जास्त शिकतात, असं एक मत आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीतल्या मुलांवर हे करून पाहिलं होतं; शिकलेल्यांना प्रत्यक्षात किती पगार मिळतो हे नुसतं सांगितल्यावर ती मुलं सरासरीनं थोडी जास्त शिकली. मी भारावून जाऊन आमच्या पालकसभेत तसंच भाषण दिलं. मागे बसलेल्या एकानं एका तरुणाकडे बोट दाखवलं. तो पोरगा डी.एड. होता. तो शिकत होता त्या वर्षांत गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, लोकांनी जमिनीचे तुकडे विकून पोरं शिकवली, आणि मग २०१२ पासून शिक्षकभरती वर्षानुवर्षं बंद राहिली. तो पोरगा कोयत्यावर जात होता. सभेत हशा पिकला आणि माझं भाषण तिथंच संपलं. आमच्या लोकांना माहिती कमी नव्हती. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा ताजी माहिती होती. नंतर मी मोठ्या नोकऱ्यांची उदाहरणं सोडली आणि जवळची धरली : वजनकाट्यावरची पावती वाचता येणं, मुकादमाच्या वहीतली फेड स्वतः मांडता येणं. सातवीच्या मुलांकडून आम्ही घरोघरच्या उचलीची वजाबाकी करून घेतली. काही मुकादमांना ते आवडलं नाही, यावरून त्याचा उपयोग झाला असं मी धरतो.

वर्गातल्या शिकण्याबद्दल मात्र अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं मला पुरेपूर पटलं. केनियात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं देऊन पाहिली. सरासरी गुण हलले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. आमच्या एप्रिलमध्ये परतलेल्या पाचवीच्या पोरापुढे पाचवीचं कोरं, बालभारतीचं सुंदर पुस्तक ठेवलं की नेमकं हेच व्हायचं. 'प्रथम' संस्थेच्या बालसखींनी मुंबई आणि बडोद्यात मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवलं, त्याची पाहणी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी केली, आणि थोड्या खर्चात चांगला फरक दिसला. या दोघांना क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना जास्त आनंद झाला तो बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर आहेत याचा. असो. इयत्ता विसरून पातळीप्रमाणे मुलं बसवायची, रोज ठरावीक वेळ, हे आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलांसाठी केलं. त्याला पैसे लागले नाहीत. लागलं ते शिक्षकाचं मन, कारण अभ्यासक्रम मागे राहील अशी प्रत्येकाला धास्ती होती.

ती धास्ती खोटी नव्हती. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हा त्याचा गाभा मला मान्य होता, आजही आहे. पण मग किती शाळा 'प्रगत' झाल्या याची विचारणा दर बैठकीत व्हायला लागली, आणि शाळा भराभर प्रगत व्हायला लागल्या. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते माप भरवशाचं राहत नाही. बँकांबद्दलचं ते बोलणं आमच्या केंद्राच्या मासिक सभेला तंतोतंत लागू होतं. माझ्यापुरता मी एक मार्ग काढला : शाळेनं स्वतःची चाचणी घ्यायची नाही, शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यायची, आणि निकालावर कुणाला शाबासकीही नाही, नोटीसही नाही. आकडे लगेच खाली आले. वरून विचारणा झाली. मी म्हणालो, मुलं तीच आहेत, फक्त थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात दिला आहे.

अर्थशास्त्राच्या नावाखाली जे दुसरं काही चालतं, त्याच्याशी मात्र माझं जमत नाही. कमी पटाच्या शाळांवर दर मुलामागे किती खर्च होतो, हा हिशेब सरकार अधूनमधून काढतं. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. दर मुलामागचा खर्च बघायलाच हवा, पैसा काही आभाळातून पडत नाही. पण वाडीवरची शाळा मिटवली की सरकारी वहीतला खर्च नाहीसा होत नाही, तो वाडीतल्या घरांच्या वहीत जातो : पोरीला पोचवायला जाणाऱ्या आजीचा वेळ, ओढ्याला पाणी आलं की बुडणारे दिवस, आणि बारा वर्षांच्या मुलीला एकटीला डांबरीपर्यंत चालू द्यायचं की नाही हा रोजचा घोर. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा प्रवेश वाढले ते प्रामुख्यानं शाळेपासून लांब असलेल्या गावांत. अंतराची किंमत मुलींना किती पडते, हे त्यातून दिसलं. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस धावू लागल्या तेव्हा आठवीनंतरच्या मुलींचं मी हेच पाहिलं.

आणि एक गोष्ट अशी, जिथे मला कोणताच हिशेब पुरला नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावात ठेवायला आईबाप घाबरतात. म्हातारी रात्री काय राखण करणार? फडावर न्यावं तर तिथेही तीच भीती. उचल जोडीला मिळते, म्हणून लग्न लावलं की जावयाच्या घरात एक पुरा कोयता तयार होतो आणि इकडची जबाबदारी उतरते. पैसा, भीती आणि रीत तिन्ही एकाच दिशेनं ओढतात. माझ्या गणितातल्या काही मुली अशा गेल्या. त्या घरांत जाऊन मी कायदा सांगितला, पोलिसांचं भय घातलं, एखाद वेळी लग्न पुढं ढकललं गेलं. दिवसरात्रीचं, बाईमाणूस अधीक्षक असलेलं खरंखुरं वसतिगृह तालुक्यात असतं तर बोलायला काही तरी हातात असतं.

२०२१ मध्ये त्या दिशेनं पाऊल पडलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली. मला यातला टनाचा भाग महत्त्वाचा वाटतो. मुलाची बुडालेली शाळा हा साखरेचाच खर्च आहे. तो इतकी वर्षं घरं भरत होती, आता निदान काही भाग साखरेच्या हिशेबात लिहिला जाईल. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती हक्काचीच होती. पण टनाचा भाव वाढला की आईचा तो मागं पडणारा अर्धा टनही महाग होतो, आणि मुलीला बरोबर नेण्याचं कारण उलट बळकट होतं. मजुरी वाढली म्हणजे शाळेचा प्रश्न आपोआप सुटेल, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा मांडून पाहावं.

मी निवृत्त झाल्यावर एक आकडेमोड करून नव्या केंद्रप्रमुखांना दिली. एक कोयता हंगामाला साधारण तीनशे टन तोडतो असं धरलं, तर टनामागचे दहा आणि दहा मिळून सहा हजार रुपये होतात. दीडशे दिवसांनी भागले तर दिवसाला चाळीस रुपये. घाऊक किराणा आणि गावची ज्वारी घेतली तर एक मूल आणि एक आजी यांचं शाळेतलं दुपारचं जेवण आणि रात्रीची भाकरी त्यात बसवता येते, मात्र रक्कम ऑगस्टमध्ये शाळेच्या खात्यावर हवी, कारण मुकादमाची उचल त्याच्याही आधी घरात पोचलेली असते. त्यांनी कागद नीट वाचला. हिशेब पटला म्हणाले. मग विचारलं, "सर, आजीचं जेवण कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचं?" त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.